घरी काय बोलता?

या प्रवासात तुमचं वय बदलणार नाही. नऊ. सालं बदलतील, अंगावरचे कपडे बदलतील, राज्यकर्ते तर चार वेळा बदलतील. पण तुम्ही नऊ वर्षांचेच राहाल आणि दर वेळी एका शाळेच्या दारात उभे असाल. शाळा पाद्र्यांची किंवा सिस्टरांची. जागा वसई ते वांद्रे या पट्टीतली, जिथून आज विरार लोकल धावते. दारात कुणीतरी बसलेलं असेल आणि तुम्हाला दोन प्रश्न विचारेल. पहिला, नाव काय? दुसरा, घरी काय बोलता? दोन्हींची उत्तरं तुम्हाला येतात. पण दुसरं जरा सांभाळून द्या. त्यावर बरंच काही ठरतं.

वसई, १५६६

पायाला चुना लागतो. सगळीकडे बांधकाम चाललंय. गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना देऊन बत्तीस वर्षं झाली, तरी कोटाचं काम संपलेलं नाही. दगड फोडणाऱ्यांच्या छिन्नीचा आवाज एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचा. मधे जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या, पाद्र्यांची शाळा आहे. फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईत येऊन गेला, त्याला वीसेक वर्षं होत आली.

तुम्ही मांडी घालून बसता. पुढ्यात धूळपाटी आहे: फळी, तिच्यावर विटेची तांबूस भुकटी आणि हातात काडी. काडीने अक्षर ओढायचं, पाद्र्याने बघायचं, मग तळहाताने सगळं सपाट करायचं. गावात पंतोजी अशाच पाटीवर मुलांकडून मुळाक्षरं गिरवून घेतो. इथे त्याच धुळीत लॅटिन अक्षरं उमटतात. हाताला फरक कळत नाही. जिभेला कळतो.

शेजारच्या मुलाला मात्र दोन्ही सारखंच आहे. पाद्र्याने दटावलं की तो पोर्तुगिजीत माफी मागतो आणि पाद्री वळला की तुमच्या बोलीत असं काही पुटपुटतो, की तुम्हाला हसू दाबावं लागतं. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथली. त्याला 'घरी काय बोलता' विचारलं असतं तर त्याने उलट विचारलं असतं, कुणाशी?

मागच्या रांगेतला एक मुलगा कुणाशीच बोलत नाही. शाळेत काही मुलं आली आहेत, काही आणली गेली आहेत. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने फर्मान काढलं, की आईबाप नसलेली हिंदू मुलं पाद्र्यांच्या ताब्यात द्यावीत आणि त्यांचा बाप्तिस्मा करावा. त्या मुलाचं नाव नवीन आहे, म्हणून हाक मारली की तो लगेच वळत नाही. या शाळेच्या इतिहासाचा पाया घालताना चुन्यात हेही कालवलेलं आहे. ते बाजूला काढून पुढची इमारत बघता येणार नाही.

गोन्सालोचं पुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे; त्याला नाही. पंधराएक वर्षांचा झाला की तो पाद्र्यांबरोबर जपानला जाईल. तिथली भाषा इतकी सफाईने शिकेल, की लोक ऐकायला जमतील. येशूसंघात घ्या म्हणून विनवील, घेणार नाहीत. मग व्यापार करील, मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर होईल आणि १५९३ मध्ये फिलिपिन्सहून गेलेल्या शिष्टमंडळाचा दुभाषा म्हणून जपानच्या हिदेयोशीसमोर उभा राहील. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवतील. १८६२ मध्ये चर्च त्याला संत म्हणून जाहीर करील, भारतात जन्मलेला पहिला संत.

त्याला लिहायला पाद्र्यांनी शिकवलं. पण दोन भाषांच्या उंबऱ्यावर तोल सांभाळून उभं राहायची सवय त्याला घरातच लागली होती. आत्ता तो धूळपाटीवर कसलंसं चित्र काढतोय. पाद्री येतोय. त्याने तळहात फिरवला. चित्र गेलं.

वांद्रे, १७३९

या वेळी दारात कुणी बसलेलं नाही.

तुम्ही चिंबईच्या कोळ्याचं पोर आहात, नाव ख्रिस्ती, अंगाला वाळत्या बोंबलांचा वास. समुद्राकडे तोंड करून सेंट अँड्र्यूजचं चर्च उभं आहे. जेझुइटांनी ते १५७५ मध्ये बांधलं. तुमच्या पणज्याच्या पणज्याचा बाप्तिस्मा तिथलाच. त्याशिवाय वांद्र्यात येशूसंघाचं मोठं सेंट अ‍ॅनचं कॉलेज आहे, शंभराहून जास्त वर्षांचं. आज तिथे पुस्तकं नाहीत, माणसंही नाहीत.

चिमाजीअप्पांची फौज साष्टीत उतरली आहे. खाडीच्या पलीकडे माहीमला इंग्रज आहेत. त्यांना धास्ती ही, की या जाड भिंतींच्या आड मराठ्यांनी तोफा लावल्या तर माहीम थेट टप्प्यात येईल. म्हणून मराठे यायच्या आधीच कॉलेज पाडून टाकायचं ठरतं. ज्या भिंती मुलांसाठी बांधल्या त्या जाड होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

तुमची गोची वेगळीच आहे. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाने तुम्हाला चिमाजीअप्पांच्या बाजूला उभं केलं होतं, ते तुम्ही विसरलेला नाहीत. इथे तुम्ही दुसऱ्या बाजूला आहात. आय तुम्हाला पडवीत ओढून घेते आणि रागावते. ज्या भाषेत रागावते, तीच भाषा येणाऱ्या फौजेची आहे. शाळेची भाषा हरतेय आणि घरची भाषा जिंकतेय. तरी भीती वाटते ती जिंकणाऱ्यांचीच.

मे महिन्यात वसई पडते. चर्चमधल्या घंटा काढून हत्तींवरून देशावर नेल्या, असं पुढे सांगतील. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची, मेणवलीच्या घाटावरची, या सगळ्या तिकडच्याच म्हणतात. प्रार्थनेला बोलावणारा तो आवाज आता महादेवाच्या दारात घुमेल. धातूला धर्म नसतो.

वांद्र्याचं चर्च वाचतं. पस्तीस वर्षांनी, १७७४ मध्ये, साष्टी इंग्रजांकडे जाते. या चर्चच्या अंगणातली शाळा १७८० हे आपलं स्थापनेचं साल सांगते. जेझुइट तोवर इथे उरलेले नाहीत; पोपनेच १७७३ मध्ये त्यांचा संघ मोडून टाकला. एवढं होऊनही शाळा मात्र परत उघडते.

वांद्रे, १८६३

"कोनचा रं तू?"

विचारणारा चर्चचा गडी आहे. तुम्ही उत्तर देत नाही, कारण तुम्ही कुणाचेच नाही. म्हणूनच तुम्हाला इथे आणलंय. भातखाचरांच्या मधे नवी इमारत उभी राहिली आहे. नाव सेंट स्टॅनिस्लॉस, अठरा पुरी व्हायच्या आत वारलेल्या एका पोलिश येशूसंघी तरुणाचं. ही अजून शाळा म्हणून ओळखली जात नाही. 'नेटिव्ह' मुलग्यांचा अनाथाश्रम, असं तिचं वर्णन आहे. नेटिव्ह हा शब्द महत्त्वाचा. गोऱ्या शिपायांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी पुढच्याच वर्षी मुंबईत सेंट मेरीज उघडेल. देव एक, पाद्री तेच, वसतिगृहं दोन.

जेझुइट परत आले ते दहा वर्षांपूर्वी, १८५३ मध्ये. आता बहुतेक जर्मन आहेत. तुम्हाला नाव विचारणारे फादर असं इंग्रजी बोलतात, की त्यात मधेच घशातून दगड घरंगळल्यासारखा आवाज येतो. म्हणजे एक जर्मन माणूस एका कोळ्याच्या पोराला इंग्रजी शिकवणार. दोघांचीही ती घरची भाषा नाही. हे फार जणांच्या लक्षात येत नाही, पण इथल्या इंग्रजी शाळांची सुरुवात ही अशी आहे.

मग पोर्तुगिजी का नाही? त्याचं उत्तर गावात फिरलं की कळतं. वांद्र्यात एकाच धर्माचे दोन गट आहेत. सेंट अँड्र्यूज पोर्तुगालच्या राजाचा हक्क मानणाऱ्या गोव्याच्या पाद्र्यांकडे. सेंट पीटर्स रोमने नेमलेल्या बिशपाच्या लोकांकडे. हा पाद्रुआदो आणि प्रोपागांडाचा तंटा १७९४ पासून चाललाय आणि मुंबईतल्या दोन सत्ता थेट १९२८ मध्ये एक होतील. तोवर एका गटाने शाळा काढली, की दुसऱ्याला गप्प बसणं कठीण. मोठ्यांच्या भांडणात पोरांना शाळा जास्त मिळाल्या.

आणि इंग्रजी का? कारण १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सरकार खासगी शाळांना अनुदान देतंय, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालंय आणि मॅट्रिक झालेल्या मुलाला कचेरीत खुर्ची मिळते. मुंबई गाठणंही आता सोपं झालंय. १८४५ पर्यंत माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे. मग लेडी जमशेटजींनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, टोल घ्यायचा नाही या अटीवर, आणि कॉजवे झाला.

तुम्हाला पाटी मिळते. या वेळी दगडी, लाकडी चौकटीची. थुंकी लावून बाहीने पुसायची खोड पहिल्याच दिवशी लागते आणि पहिल्याच दिवशी त्यासाठी पट्टीही बसते. संध्याकाळी ओसरीवर बसलात की भात डोलतो आणि त्याच्या वासात खाजणाचा खारा वास मिसळतो.

चार वर्षांनी, एप्रिल १८६७ मध्ये, त्या भाताच्या पलीकडून धूर दिसेल. विरारहून बॅकबेला जाणारी गाडी, दिवसाला एक. इंग्रजी वेळापत्रकात वांद्र्याचं नाव 'बंडोरा' आणि बोरिवलीचं 'बेरेवला' असं काहीतरी छापलं जाईल. १८७६ मध्ये नगरपालिका येईल. लियेजहून आलेल्या डॉटर्स ऑफ द क्रॉस मुलींसाठी कॉन्व्हेंट चालवू लागतील. अनाथांसाठी बांधलेल्या इमारतीच्या फाटकाशी हळूहळू आईबाप असलेली मुलंही उभी राहू लागतील, आईबापांचं बोट धरून. पाटीवरचं खडूसारखं पांढरं अक्षर थुंकीने जातं. एकदा जिभेवर बसलेलं इंग्रजी जात नाही.

वांद्रे, १८९६

या वेळी तुमचा बाप रेल्वेत कारकून आहे आणि घरात नव्या नावाची चर्चा अजून संपलेली नाही. १८८७ मध्ये, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या मुहूर्तावर, इथल्या ख्रिस्ती लोकांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' काढली. आडनावं परेरा, डिसोझा, म्हणून इंग्रज साहेब यांना गोव्याहून आलेल्यांत मोजत. नोकरीच्या रांगेत ते परवडत नव्हतं. म्हणून सांगायचं, की आम्ही इथलेच, ईस्ट इंडिया कंपनीची जुनी रयत. इथलेपण सिद्ध करायला नाव घ्यावं लागलं ते परक्या कंपनीचं.

"घरी काय बोलता?" फादर विचारतात.

तुम्ही बापाकडे बघता. बाप म्हणतो, "थोडं इंग्लिश, फादर."

खोटं आहे. घरी आजी लुगडं नेसते, हळदीला मराठी गाणी म्हणते आणि इंग्रजी ऐकलं की तोंडावर पदर धरून हसते. पण बापाने उत्तर दिलं ते आजचं नाही, दहा वर्षांनंतरचं. आणि ते खरं होणार आहे. दोन पिढ्यांनी या पाखाडीत अशी घरं असतील, जिथे मराठी फक्त आजीशी आणि मासेवालीशी बोलली जाईल.

सगळ्यांचा रस्ता तोच नव्हता. माझगावच्या सेंट मेरीजमध्ये शिकलेला जोसेफ बॅप्टिस्टा, घराणं उत्तनचं, या साली बत्तीस वर्षांचा आहे. पुढे केंब्रिजची पदवी घेऊन येईल, टिळकांचे खटले बघेल, होमरूल लीगमध्ये त्यांच्या खांद्याला खांदा लावील आणि १९२५ मध्ये मुंबईचा महापौर होईल. लोक त्याला 'काका' म्हणतील. पाद्र्यांच्या शाळेतून साहेबच बाहेर पडतात, असं म्हणणाऱ्यांसाठी हे नाव लक्षात ठेवा.

त्या सप्टेंबरात मांडवीला उंदीर मरायला लागतात. प्लेग कॉजवेवरूनही येतो आणि आगगाडीतूनही. गावागावांत लोक नाक्यावर दगडी क्रूस उभारतात, साथ इथूनच मागे फिरावी म्हणून. वांद्र्याच्या गल्लीबोळांत ते आजही आहेत. स्कूटर लावायला जागा शोधताना तुमची पाठ एखाद्याला टेकली असेल. मुंबईतून पळालेली माणसं उपनगरांत राहायला येतात आणि पुष्कळशी तिथेच राहतात. भातखाचरं विकली जायला लागतात. शाळेच्या भोवतीचं गाव वाढतंय, त्याला एक कारण शाळा आहे आणि एक कारण मरण.

वांद्रे, १९१६

इथे फार थांबू नका. वर्गात फादर नाहीत.

महायुद्ध सुरू झालं आणि साठ वर्षं इथे शिकवणारे जर्मन फादर एका रात्रीत शत्रू झाले. काही नजरकैदेत गेले, बहुतेकांना बोटीत बसवून मायदेशी पाठवलं. ज्यांनी तुमच्या बापाला आणि आजोबांना इंग्रजी शिकवलं, त्यांना इंग्रजांनी 'घरी काय बोलता' विचारलं आणि उत्तरासाठी हद्दपार केलं. फळ्यावर एक अर्धवट गणित आहे. ते कुणी पुसत नाही आणि कुणी सोडवतही नाही.

काही वर्षांत स्पॅनिश जेझुइट येतील. त्यांच्यातले फादर हेरास १९२२ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात येऊन भारताचा इतिहास शिकवू लागतील. १९२३ मध्ये सेंट स्टॅनिस्लॉस पूर्ण हायस्कूल होईल. मुलं नव्या फादरांच्या इंग्रजीची नक्कल करतील, बापांनी जर्मन फादरांची केली होती तशीच.

वांद्रे, १९५४

जून. छत्रीतून पाणी गळतंय आणि शाळेच्या व्हरांड्यात पालकांची रांग लागली आहे. या वेळी तुम्ही ख्रिस्ती नाही. वडील सचिवालयात आहेत, आई दादरची, घरात संध्याकाळी शुभंकरोति होते. चार वर्षांपूर्वी वांद्रे मुंबई महापालिकेत आलं आणि तुम्ही त्याच्या मागोमाग खारच्या नव्या इमारतीत. वडिलांना तुम्हाला 'कॉन्व्हेंटात' घालायचंय. ही मुलग्यांची शाळा आहे, इथे नन नाहीत, फादर आहेत. पण मराठीत कॉन्व्हेंट या शब्दाचा अर्थ केव्हाच बदललाय. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी आणि इंग्रजी म्हणजे नोकरी.

रांगेत कुजबूज आहे, ती एका परिपत्रकाची. ६ जानेवारीला मुंबई सरकारने हुकूम काढला: इंग्रजी माध्यमाच्या वर्गात नवीन प्रवेश फक्त अँग्लो-इंडियनांना आणि आशियाई वंशाचे नसलेल्यांना. बाकी सगळ्यांनी आपापल्या भाषेत शिकावं. मुख्यमंत्री मोरारजी देसाई. हुकुमामागचा विचार चुकीचा नव्हता. मुलाने आपल्या भाषेत शिकावं हे टिळकांपासून गांधींपर्यंत सगळे सांगत आले. पण आपली भाषा कोणती, हे ठरवायला सरकार बसलं तेव्हा घोटाळा झाला.

देवळालीच्या एका अँग्लो-इंडियन शाळेचे चालक कोर्टात गेले. ती शाळा कॅथलिक नव्हती, अँग्लिकनांची होती; पण निकालाकडे प्रत्येक फादरचे आणि प्रत्येक सिस्टरचे कान लागले होते. दोन बापही कोर्टात गेले. एक भारतीय ख्रिस्ती मेजर: त्याच्या घरात इंग्रजीच बोलत, तरी त्याच्या मुलीला हुकूम लागू, कारण ती अँग्लो-इंडियन नव्हे. दुसरा गुजराती हिंदू डॉक्टर: घरची भाषा गुजराती, पण मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. पहिला म्हणत होता, माझी भाषा इंग्रजीच आहे. दुसरा म्हणत होता, माझी नाही, म्हणून काय झालं?

मुंबई हायकोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला. तिथे मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला, स्वतः सेंट झेवियर्सचे विद्यार्थी. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे २६ मे रोजी, म्हणजे शाळा उघडायच्या तोंडावर, हुकूम रद्द झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असं कोर्टाने सांगितलं. आणखी एक गंमत होती. घटनेच्या ३३७ व्या कलमाप्रमाणे अँग्लो-इंडियन शाळांना खास अनुदान मिळायचं ते दर वर्षी किमान ४० टक्के जागा इतर समाजांच्या मुलांना खुल्या ठेवल्या तरच. हुकूम पाळला असता तर अट मोडली असती.

रांग पुढे सरकते. टेबलामागे जाड रजिस्टर, लाल कापडी बांधणीचं. नाव, जन्मतारीख, धर्म, जात, मातृभाषा. फादरांचा टाक शेवटच्या रकान्यावर थांबतो.

"घरी काय बोलता?"

१८९६ मधला बाप तुम्हाला आठवतो. पण या वेळी वडील शांतपणे म्हणतात, "मराठी."

टाक फिरतो. मराठी. शाई वाळायच्या आत फादर पुढच्याला बोलावतात. या रकान्यात खरं उत्तर देऊन आत जाता आलं, असं या प्रवासात पहिल्यांदाच घडतंय. बाहेर पडताना वडील छत्री उघडतात आणि म्हणतात, "आता घरी इंग्लिश बोलायची सवय कर हं."

वसई, आज

लोकलमधून तुम्हाला गर्दीनेच उतरवलं. रिक्षा, उड्डाणपूल, टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्या आणि त्यांच्या मधे मधे केळीची एखादी उरलेली वाडी. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती बारा लाखांवर गेली. या शहराआधीची हिरवी वसई वाचवायला १९८८ पासून जे रस्त्यावर उतरले, त्यांच्या पुढे एक कॅथलिक धर्मगुरू होता, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ मध्ये ते गेले. वसईच्या ख्रिस्ती माणसाने मराठी सोडली नाही, ती आपल्या मिस्सेत, मासिकात आणि शाळेत ठेवली. वांद्र्याने एक वाट घेतली, वसईने दुसरी. दोन्ही वाटा एकाच रेल्वेमार्गावरच्या.

अर्थात वसईतले कुपारी ख्रिस्ती घरात जी बोलतात ती पुस्तकातली मराठी नाही, कादोडी आहे. आणि वसईतही आता त्याच चर्चच्या आवारात मराठी माध्यमाच्या बैठ्या इमारतीशेजारी इंग्रजी माध्यमाची उंच इमारत दिसते. उंच इमारतीच्या फाटकाशी गाड्या थांबतात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं, त्यामुळे पंचवीस टक्के राखीव जागांचं बंधन त्यांना नाही. १९५४ मध्ये कोर्टाने दार उघडलं होतं. साठ वर्षांनी कोर्टानेच सांगितलं, दाराची किल्ली ज्याची त्याच्याकडे. ती किल्ली काही जण गरिबाच्या पोरासाठी फिरवतात. तलासरीला येशूसंघाचं ज्ञानमाता सदन आदिवासी मुलांना शिकवत आलंय. सगळेच फिरवतात असं म्हणणं मात्र धाडसाचं होईल.

तुम्ही बैठ्या इमारतीत जाता. नऊ वर्षांचेच आहात. वसई पूर्वेच्या डोंगराखालच्या पाड्यातून आलात. बाप वीटभट्टीवर, आईने तुमच्या केसांना इतकं तेल लावलंय की कपाळावर ओघळ आलाय. ऑफिसात क्लार्क फोनवर कादोडीत कुणाला तरी झाडतोय. फोन ठेवून तो संगणकाकडे वळतो, पण आधी कपाटातलं जुनं रजिस्टर ओढतो. शाळेला अजून दोन्ही ठिकाणी नोंद लागते.

"नाव?"

सांगता.

"मातृभाषा?" मग तुमचा चेहरा बघून आवाज मऊ करतो. "म्हणजे घरी काय बोलता रे?"

घरी वारली बोलतात. तुम्ही आईकडे बघता. आई जमिनीकडे. क्लार्क दोन क्षण वाट बघतो. रकाना एका शब्दाचा आहे आणि मागे रांग आहे. तो 'मराठी' लिहितो. त्यात त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. स्वतःच्या दाखल्यावरही त्याने हाच शब्द लिहून घेतला असणार. गोन्सालो आज आला असता तर त्यालाही या रकान्यात कोंबून बसवलं असतं.

"सोमवारपासून ये. डबा आणायचा नाही, खिचडी मिळते."

पण टीचर तुम्हाला आजच वर्गात नेऊन बसवतात, नुसतं बघायला. खिडकीबाहेर पाऊस सुरू होतो आणि पत्र्यावर एवढा वाजतो की शिकवणं थांबतं. शेजारचा मुलगा वही तुमच्याकडे सरकवतो. कव्हरवर त्याचं आडनाव आहे: परेरा. तो तुमच्या कानाशी वाकतो. चारशे साठ वर्षांत हा प्रश्न तुम्हाला नेहमी मोठ्यांनीच विचारला, हातात टाक धरून. याच्या हातात चावलेली पेन्सिल आहे आणि त्याला काहीही लिहून घ्यायचं नाही.

"तुमच्यात पावसाला काय म्हणतात?"

तुम्ही सांगता. तो दोनदा म्हणून बघतो, चुकतो, आणि मग त्याच्या घरचा शब्द तुम्हाला सांगतो.